लक्ष्मीबाई टिळक : स्पर्शाचे भय आणि श्रद्धेचा आधार

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आपणास आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अनुषंगाने परिचित आहे. त्याच्या शैलीचा, विनोदाचा आणि पतिपत्नीसंबंधाच्या चित्रणाचा विचार मराठी समीक्षेने पुष्कळ केला आहे. प्रस्तुत घटकात आपण लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र एका वेगळ्या सूत्राने पाहणार आहोत. हे सूत्र भयाचे आहे. ज्या स्त्रीच्या बालपणावर विटाळाच्या धास्तीची गडद छाया होती, तीच स्त्री पुढे प्लेगच्या रोग्यांजवळ जाऊन राहिली. या दोन टोकांमध्ये तीसएक वर्षांचा काळ आणि एक धर्मांतर आहे. हे अंतर कसे कापले गेले, हा आपला प्रश्न आहे.

आरंभीच एक सावधगिरी बाळगावयास हवी. धर्मांतराच्या कथा सांगण्याची एक ठरलेली रीत असते. आधी अंधार, मग दीक्षा आणि दीक्षेच्या क्षणी लख्ख प्रकाश असा तिचा क्रम असतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात हा क्रम असा सरळ आढळत नाही. त्यांचे सर्वांत जुने आणि सर्वांत खोल भय बाप्तिस्म्याच्या आधीच गळून पडले होते. काही भये मात्र ख्रिस्ती झाल्यानंतरही शिल्लक राहिली. म्हणून घटनांचा क्रम लक्षात ठेवून हे चरित्र वाचावे, ही विनंती.

जलालपूरचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात त्यांना मनू म्हणत. त्यांच्या जन्मापूर्वी दहा-अकरा वर्षे या कुटुंबावर एक आघात झाला होता आणि त्याची सावली पुढच्या पिढीवर पडली. १८५७ च्या धामधुमीत त्र्यंबकेश्वरच्या परिसरातही उठाव झाला. त्या प्रकरणात मनूचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वासुदेव भगवंत जोगळेकर यांना इंग्रज सरकारने फाशी दिले. या मृत्यूचा आणि त्याबरोबर आलेल्या विटाळाच्या कल्पनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. त्यांना सोवळ्याने झपाटले.

‘झपाटले’ हे क्रियापद येथे जाणीवपूर्वक योजले आहे. त्या काळी कोणत्याही ब्राह्मण घरात सोवळेओवळे असेच. त्याचे नियम ठरलेले होते आणि नियम पाळले की माणूस निश्चिंत होई. या घरात नियमांना सीमा उरली नव्हती. बाजारातून येणारे धान्य धुवायचे, मीठसुद्धा धुवायचे. मीठ धुतल्यावर त्याचे काय होते हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. परंतु घरातील कर्त्या पुरुषापुढे ते बोलण्याची प्राज्ञा नव्हती. या सर्व व्यवहाराचा भार मनूच्या आईवर पडे आणि मुलांच्या प्रत्येक हालचालीवर पहारा असे. कोण कोणास शिवले, कोणती वस्तू कोठे लागली, याची चौकशी दिवसभर चाले.

आपण थोडा विचार केला तर या सोवळ्याच्या मुळाशी धर्मभावनेपेक्षा भीती अधिक आहे हे दिसून येईल. एका निरपराध वाटणाऱ्या माणसाला सरकार फाशी देते आणि त्याच्या आप्तांना काही करता येत नाही. या असहायतेला उत्तर नव्हते. मीठ धुणे मात्र हातात होते. राजकीय दहशतीचे असे घरगुती रूपांतर मराठी आत्मचरित्रांत क्वचितच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले आहे. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत नोंदले, म्हणून अनेक वाचकांना त्यातील भेसूरपणा जाणवत नाही. वडिलांचा उल्लेख त्या कडवटपणे करीत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि तिचे नाव लक्ष्मी झाले. टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले, बुद्धिमान, कवी, संस्कृतात गती असलेले आणि कमालीचे अस्थिर. नोकरी धरावी, सोडावी. घर मांडावे, मोडावे. कोणास न सांगता निघून जावे, असा त्यांचा स्वभाव. सासरी आल्यावर लक्ष्मीबाईंच्या जुन्या भयात एका नव्या भयाची भर पडली. आज घरी असलेला माणूस उद्या असेल की नाही, याची शाश्वती नसे. टिळकांनी बायकोस लिहा-वाचावयास शिकविण्याचे प्रयत्न केले, पण तेही झटक्याझटक्याने. उत्साह ओसरला की शिकवणी बंद पडे. झाली ती साक्षरता अर्धीमुर्धी आणि तुटकच झाली.

एका क्रियापदाचा धाक

येथे भाषेच्या अभ्यासकाला थांबावेसे वाटते. मराठीत ‘बाटणे’ असे एक क्रियापद आहे. विटाळ होणे हा त्याचा एक अर्थ आणि धर्मांतर करणे हा दुसरा. पाणी बाटते, स्वयंपाक बाटतो, विहीर बाटते आणि माणूसही बाटतो. एखाद्याने विचारपूर्वक, ग्रंथ वाचून, वर्षानुवर्षे मनाशी झगडून श्रद्धा बदलली, तरी रूढ भाषेत त्याचे काय झाले? तो बाटला. त्याच्या बुद्धीने घेतलेल्या निर्णयाची नोंद या शब्दात कोठेही नाही. नोंद आहे ती केवळ अशुद्ध होण्याची. अकर्मक क्रियापद असल्यामुळे कर्तेपणही हरपते. माणसाने काही केले असे न दिसता माणसाचे काही झाले असे दिसते.

ज्या मुलीचे बालपण विटाळाच्या चिंतेत गेले, तिच्या कानी १८९५ मध्ये हा शब्द पडला आणि तो तिच्या नवऱ्यासंबंधी होता.

टिळकांच्या मनात हिंदू धर्माच्या आचारांविषयी, विशेषतः जातिभेदाविषयी, बरेच दिवस विचार चालू होते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचली, त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावले आणि दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस ते बरोबर घेऊन गेले नव्हते. त्या वेळी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा दत्तू, म्हणजेच पुढचे देवदत्त नारायण टिळक, चार वर्षांचाही नव्हता. त्याच्या आधीची अपत्ये त्यांनी गमावली होती.

या बातमीने त्यांची जी अवस्था झाली ती शब्दशः वेडाच्या सीमेवरची होती. आप्तांना त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागले. पती हयात असताना त्या पतिहीन झाल्या होत्या. विधवेला निदान समाजाने ठरवून दिलेले एक स्थान असे, दुःखाचे का होईना. धर्मांतर केलेल्या पुरुषाच्या बायकोस कोणतेही स्थान नव्हते. पतीकडे जावे तर बाटावे लागणार आणि न जावे तर जन्मभर दुसऱ्याच्या आश्रयास राहावे लागणार. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना सांभाळले. काही काळ त्या पंढरपुरासही होत्या. याच दिवसांत त्यांनी कविता रचल्या. जिचे शिक्षण नीट झाले नव्हते, तिने दुःखाला पद्याचा आकार दिला, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ओवी आणि आर्या त्या काळच्या स्त्रियांच्या कानांत असत. अक्षरओळख ही पुढची गोष्ट.

टिळकांची पत्रे येत राहिली. त्यांचा पत्नीवरील जीव कमी झाला नव्हता. पण त्यांनी तिच्या श्रद्धेवर बळजबरी केली नाही, ही गोष्ट पुढील सर्व घटनांच्या दृष्टीने निर्णायक ठरली असे माझे मत आहे. टिळक अन्य बाबतींत उतावळे आणि तापट होते. या एका बाबतीत मात्र त्यांनी अपार धीर धरला.

नगर आणि राहुरी

चार-साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे आल्या. तेव्हा टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात होते. एकोणिसाव्या शतकात नगर हे मराठी ख्रिस्ती जीवनाचे एक प्रमुख केंद्र बनले होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तेथूनच सुरू झाले. लक्ष्मीबाई आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नव्हत्या. त्या पतीजवळ आल्या, परंतु आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याला घरात घेतले तरी स्वयंपाकाला हात लावू द्यायचा नाही, अशी ही विलक्षण गृहस्थी होती. टिळकांनी ती व्यवस्था मान्य केली आणि सांभाळली.

या काळातील त्यांच्या मनःस्थितीकडे बारकाईने पाहावे. नियम पाळण्याचे बाह्य कारण आता उरले नव्हते. जातीने त्यांना दूर केल्यासारखेच होते. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईचे सोवळे नाशिकला कोण मानणार? तरीही त्या ते पाळीत होत्या. समाजाच्या धाकाने पाळला जाणारा नियम समाजापासून दूर गेल्यावर सुटतो. हा नियम सुटत नव्हता, कारण तो अंगात भिनला होता. परक्याच्या हातचे पाणी पोटात गेले तर बुद्धीने कितीही समजूत घातली तरी शरीर बंड करते, असा हा प्रकार होता. आपल्या ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसांत असे अनुभव आपणही पाहिले असतील. भय हे केवळ मत नसते. ते सवयीत आणि जिभेवरही वसलेले असते.

मग पुढे राहुरीच्या वास्तव्याच्या सुमारास त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. ही जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती दिसतात तशी माणसांत काही खूण दिसते काय? प्रश्न नवा नव्हता. टिळक हेच वर्षानुवर्षे सांगत आले होते आणि मराठी संतांच्या वाणीतूनही तो त्यांच्या कानांवरून गेला असणारच. पण दुसऱ्याने दिलेले उत्तर आणि स्वतःला पडलेला प्रश्न यांत फरक असतो. प्रश्न त्यांचा स्वतःचा झाला आणि त्याचे उत्तरही त्यांनी स्वतःच दिले. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांना अडचण वाटली नाही. तीस वर्षे जपलेली भिंत एका विचाराने खाली आली.

हे परिवर्तन बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे. मग त्याचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध काय, असा प्रश्न आपण विचारावा आणि तो योग्यच होईल. माझ्या मते संबंध आहे, पण तो सरळ नाही. लक्ष्मीबाईंना सिद्धान्ताने जिंकले नाही. त्यांनी पाहिला तो नवऱ्यातील बदल. एकेकाळचा संतापी, घर टाकून जाणारा माणूस आता तिच्या चुलीचा, तिच्या घागरीचा मान राखीत होता आणि वाट पाहत होता. भोवती अनाथ मुले, दुष्काळाने उघड्यावर पडलेली माणसे आणि ज्यांना शिवू नये असे तिला शिकविले गेले होते अशा जातींतून आलेले ख्रिस्ती कुटुंबी होते. त्यांच्याशी रोजचा व्यवहार होता. नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीती आणि भय यांचा परस्परविरोध सांगितला आहे. प्रीती जसजशी परिपूर्ण होते तसतसे भय निघून जाते, असा त्याचा आशय आहे. लक्ष्मीबाईंनी हा आशय ग्रंथात वाचण्याआधी घरात पाहिला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना काही सोडावे लागले नाही. जे सुटायचे ते आधीच सुटले होते.

(येथे क्षणभर थांबून विचार करा : एखादी रूढी बुद्धीला पटत नसतानाही आपण का पाळत राहतो? आपल्या परिसरातील एखादे उदाहरण घेऊन दहा-बारा ओळी लिहा.)

रोगाचे भय

विटाळाचे भय हे कल्पनेचे भय होते. ज्याला भ्यायचे ते मुळात नव्हतेच, हे समजताच ते नाहीसे झाले. प्लेगचे भय तसे नव्हते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची अनेक वर्षे तो महाराष्ट्रभर फिरत राहिला. उंदीर मरून पडू लागले की लोक गावे सोडून रानात झोपड्या बांधून राहात. बगलेत वा जांघेत गाठ आली की बहुधा दोन-चार दिवसांत सर्व संपे. उपाय फारसा नव्हता. आज प्रतिजैविक औषधांनी बरा होऊ शकणारा हा रोग त्या काळी घरेच्या घरे रिकामी करीत असे. मुलगा आईला आणि आई मुलाला सोडून गेल्याच्या हकिगती त्या काळात घडल्या आणि त्याबद्दल कोणास फार दोष देता येत नाही.

नगरमध्ये साथ आली तेव्हा मिशनच्या मुलींच्या शाळेतील काही मुलींनाही लागण झाली. या मुलींना वेगळे ठेवावे लागले. त्यांच्याजवळ राहावयास कोणी तरी हवे होते. लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना स्वतःचा मुलगा होता, संसार होता आणि रोगाविषयी त्या अज्ञानी नव्हत्या. मिशनच्या डॉक्टरांच्या सहवासात काय होऊ शकते हे त्यांना पुरते माहीत होते. तरी त्या मुलींच्या अंथरुणाशी बसल्या, त्यांचे करावे लागते ते सर्व केले. मरणाऱ्यांच्या जवळ राहिल्या आणि जगणाऱ्यांना धीर दिला.

या दोन प्रसंगांना जोडणारा धागा आपल्या लक्षात आला असेलच. दोन्हीकडे भय स्पर्शाचे आहे. जलालपूरच्या घरात स्पर्श झाला तर काय होईल याची धास्ती होती आणि ती निराधार होती. नगरच्या छावणीत स्पर्श झाला तर मरण येईल ही शक्यता होती आणि ती खरी होती. पहिल्या भयाच्या बाबतीत विचाराने भयाचे कारणच खोटे ठरविले. दुसऱ्या ठिकाणी विचाराची तेवढी मदत नव्हती. उलट विचार केला तर दूर राहणेच शहाणपणाचे ठरले असते. धोका जसाच्या तसा असताना तेथे थांबण्याचे बळ दुसरीकडून यावे लागते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते प्रार्थनेतून आले. त्यांची प्रार्थना शास्त्रोक्त नव्हती. घरातल्या वडील माणसाशी बोलावे तशी त्यांची देवाशी बोलण्याची रीत होती. आपले मरण आणि मागे राहणाऱ्यांची काळजी या दोन्ही गोष्टी त्याच्यावर सोपवून त्या हातातील कामाला लागत. ख्रिस्तचरित्रात महारोग्यांना स्पर्श करून बरे केल्याचे प्रसंग आहेत. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या स्त्रीला ते प्रसंग कसे दिसले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. परदेशी मिशनऱ्याला त्यांत चमत्कार दिसे. लक्ष्मीबाईंना त्यातला स्पर्शच आधी दिसला असला पाहिजे.

काही वाचक म्हणतील की हा सगळा स्वभावाचा भाग आहे. लक्ष्मीबाई मुळातच खेळकर आणि धीट होत्या, श्रद्धेला श्रेय कशाला? हा आक्षेप डावलण्यासारखा नाही. त्यांचा विनोद त्यांच्या पाठीशी आयुष्यभर होता आणि विनोद हेही भयावरचे औषध आहे. परंतु धर्मांतराच्या बातमीनंतरची त्यांची अवस्था आठवा. तेथे हा खेळकर स्वभाव त्यांना वाचवू शकला नाही. स्वभाव तोच होता. १८९५ मध्ये ती स्त्री कोलमडली आणि पुढे त्याहून मोठ्या संकटात उभी राहिली. मधल्या काळात स्वभावाच्या पलीकडचे काही तरी घडले होते, असे म्हणणे भाग आहे. अर्थात ‘स्मृतिचित्रे’ साठीच्या उंबरठ्यावर लिहिली गेली, भयातून बाहेर पडलेल्या स्त्रीने लिहिली, हे विसरू नये. भीत असतानाची लक्ष्मी आपल्याला निर्भय लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनीच दिसते. आत्मचरित्राच्या अभ्यासकाने ही मर्यादा नेहमी जमेस धरावी.

भये सगळीच गेली असेही नाही. टिळकांचा हात सढळ, घरात पाहुण्यांचा आणि आश्रितांचा राबता, पगार तुटपुंजा. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले; इतरही कितीतरी आले, जेवले, शिकले. उद्या काय शिजवायचे ही धास्ती लक्ष्मीबाईंना ख्रिस्ती झाल्यावरही होती. टिळकांना ती कधीच नव्हती आणि त्यावरून उभयतांचे खटके उडत. श्रद्धावान माणसाने डाळतांदळाची चिंता करू नये असे कवीला वाटे. चूल सांभाळणाऱ्या बाईची श्रद्धा निराळ्या प्रतीची असते, एवढेच त्यावर म्हणता येईल.

लेखणीचे भय

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक नवा मेळावा उभा करण्याचा घाट घातला. त्यांची अभंगरचना, त्यांची कीर्तने आणि मराठी संतपरंपरेच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो ही त्यांची धारणा यांचा विचार आपण स्वतंत्र घटकात करणार आहोत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. एकेकाळी पती बाटला म्हणून ज्यांना जगणे नकोसे झाले होते, त्या आता खरोखर एकट्या झाल्या आणि या वेळी त्या कोलमडल्या नाहीत.

त्यांच्यापुढे एक अपुरे काम होते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य आरंभिले होते, पण दहा अध्याय पुरे करून अकराव्याच्या मध्यातच ते थांबले होते. मराठी काव्यात ज्याचे नाव झाले अशा कवीचे अर्धे काव्य पुरे करायचे आणि तेही अशा स्त्रीने, जिला शुद्धलेखन अखेरपर्यंत पुरते वश झाले नाही आणि जोडाक्षर समोर आले की जिची लेखणी अडखळे. हे भय आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे वाटेल. संसार करून, नोकरी सांभाळून पुन्हा वही उघडताना हात कसा जड होतो, हे आपण जाणता. आपले चुकेल, लोक हसतील, या वयात हे शोभेल काय, अशा शंकांनी कित्येक उत्तम लेखक लिहिण्यापूर्वीच थांबले असतील.

लक्ष्मीबाई थांबल्या नाहीत. ‘ख्रिस्तायना’त त्यांनी चौसष्ट अध्यायांची भर घातली, म्हणजे काव्याचा फार मोठा भाग त्यांचा आहे. हे काव्य १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कवितेच्या दृष्टीने त्याचे सर्व भाग सारख्या तोलाचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. लांब कथानिवेदनात रचना काही ठिकाणी सैल पडते. पण जेथे घर, आई, मूल, भूक, पाणी यांचे प्रसंग येतात तेथे ओवी त्यांच्या हातात सहज चालते.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म तर जवळजवळ अनवधानाने झाला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. आठवणी टिळकांच्या म्हणून सुरू झाल्या आणि लिहिणारीचेच आत्मचरित्र होऊन बसल्या. १९३४ पासून हा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला. चौथा भाग त्यांच्या निधनानंतर देवदत्तांनी पुरा केला. १९५० मध्ये ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

भाषिक दृष्ट्या या गद्याचा विशेष असा की त्यात भ्यालेली वाक्ये नाहीत. त्या काळचे शिष्ट मराठी गद्य संस्कृतप्रचुर, लांबलचक, इंग्रजी वाक्यरचनेच्या वळणाने जाणारे असे. स्वतःस अशिक्षित समजणारा लेखक बहुधा अशा भाषेचे सोंग घेतो. चूक दिसू नये म्हणून अवजड शब्दांआड लपतो. लक्ष्मीबाई लपत नाहीत. त्या नाशिककडच्या ब्राह्मण घरातील बोली लिहितात, वाक्य लहान ठेवतात आणि क्रियापदावर भार देतात. स्वतःची फजिती त्या दुसऱ्याची सांगावी तशी सांगतात. हे गद्य शिकून आलेले नाही, हे खरे; पण बाटण्याचे भय टाकून दिलेल्या स्त्रीला भाषेच्या सोवळ्याचेही ओझे वाटेनासे झाले असावे, असा संबंध मला या ठिकाणी दिसतो. प्रमाणभाषेच्या शुद्धाशुद्धतेविषयी आपण भाषाविज्ञानाच्या घटकात जी चर्चा करणार आहोत, तिच्यासाठी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द व्याकरणात कोठून आले, हेही त्या निमित्ताने तपासून पाहावे.

१९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पाटीपेन्सिलीपासून सुरुवात करून मध्येच सुटलेले शिक्षण त्यांना तेथवर घेऊन आले होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या गोदावरीच्या काठी धान्य आणि मीठ धुण्यात त्यांच्या आईचे दिवस गेले, ते जलालपूर तेथून फार लांब नाही.